नाशवंत मालाची जागतिक बाजारपेठ : उष्णकटिबंधीय फळे आणि भाज्यांच्या व्यापाराचा आढावा

गहू, साखर किंवा कापूस यांच्या व्यापारातले नियम ताज्या फळांना आणि भाज्यांना लागू पडत नाहीत, कारण हा माल तोडणीनंतरही जिवंत असतो. झाडापासून वेगळे झालेले फळ श्वसन करीत राहते, म्हणजे स्वतःत साठलेली साखर जाळून उष्णता आणि ओलावा बाहेर टाकते. केळी, आंबा, पपई यांसारखी फळे त्याखेरीज इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्या वायूच्या प्रभावाने पिकत जातात. भाव पडले तर धान्य गोदामात ठेवता येते, पिकू लागलेला आंबा ठेवता येत नाही. त्यामुळे या व्यापारात विकणाऱ्याजवळ वाट पाहण्याची ताकद नसते, आणि मालाची किंमत त्याच्या चवीइतकीच त्याच्या उरलेल्या आयुष्यावर ठरते. जहाजे, शीतगृहे, जकाती, तह, प्रयोगशाळा असे जे काही गेल्या सव्वाशे वर्षांत या क्षेत्रात उभे राहिले, त्या सगळ्याच्या मुळाशी ही एक अडचण आहे.

या अडचणीवरचा पहिला मोठा तोडगा केळ्याच्या बाबतीत निघाला. पूर्ण भरलेले पण न पिकलेले हिरवे केळे १३ ते १४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवले, तर त्याचे पिकणे काही आठवडे लांबते. तापमान याहून बरेच खाली गेले, तर मात्र सालीखालच्या पेशींना इजा होऊन साल करडी पडते आणि ते फळ पुढे कधीच नीट पिवळे होत नाही. एवढ्या अरुंद पट्टीत तापमान राखणारी जहाजे विसाव्या शतकाच्या प्रारंभी धावू लागली, आणि १८९९ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड फ्रूट कंपनीने मध्य अमेरिकेत मळे, रेल्वे आणि जहाजे एका हातात आणून केळे हे समशीतोष्ण देशांतले रोजचे फळ बनवले. पद्धत आजही तीच आहे : माल हिरवा निघतो, बंदरावर हिरवाच उतरतो आणि खरेदीदार देशातील पिकवणगृहात इथिलीन सोडून काही दिवसांत पिवळा केला जातो. केळी, अननस, ॲव्होकॅडो, द्राक्षे ही समुद्रमार्गे, रीफर म्हणजे शीतसोय असलेल्या कंटेनरमधून जाणारी फळे आहेत. कारले, भेंडी, पडवळ, अळूची पाने, कढीपत्ता आणि उच्च प्रतीचा पिकण्याच्या बेतातला आंबा यांना इतके आयुष्य नसते. ते प्रामुख्याने विमानाने जातात, आणि विमानभाडे हा त्यांच्या किमतीचा मोठा हिस्सा होऊन बसतो. बाजार कोणता, ग्राहक कोण, नफा कोणाचा, हे प्रश्न या दोन वाटांवर वेगवेगळ्या रीतीने सुटतात.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात वर्षाला सुमारे १३ ते १४ कोटी टन केळी पिकतात, आणि त्यांपैकी दोन कोटी टनांच्या आसपास केळी देशांच्या सीमा ओलांडतात. अननस आणि ॲव्होकॅडो यांचा व्यापार प्रत्येकी काही दशलक्ष टनांचा आहे. आंब्याचा, त्यात पेरू आणि मँगोस्टीन धरूनही, वीस लाख टनांच्या थोडा वर. पपईचा व्यापार त्या मानाने अगदी लहान आहे, कारण तिची साल प्रवास सोसत नाही. उष्णकटिबंधात पिकणाऱ्या फळांचा फार मोठा भाग पिकलेल्या देशातच खाल्ला जातो, ही गोष्ट चर्चेत बहुधा निसटते. भारत हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. केळी आणि आंबा या दोन्हींच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. पण २०२३-२४ मध्ये भारतातून निर्यात झालेला ताजा आंबा सुमारे ३२ हजार टन, म्हणजे दोन कोटी टनांहून अधिक असलेल्या उत्पादनाच्या अर्ध्या टक्क्यालाही न पोहोचणारा होता. केळीची निर्यात वाढून २०२२-२३ मध्ये साडेतीन लाख टनांच्या घरात गेली, तरी साडेतीन कोटी टनांच्या उत्पादनापुढे ती एक टक्काच भरली. उलट इक्वेडोर हा महाराष्ट्राहूनही लहान देश एकटा साठ लाख टनांच्या आसपास केळी बाहेर पाठवतो.

या तफावतीला भारतीय शेतीचे अपयश म्हणण्याची घाई अनेकदा केली जाते, आणि ती चुकीची आहे. हंगामाच्या आरंभी, मार्च महिन्यात, वाशीच्या बाजारात हापूसच्या पेटीला मिळणारा भाव परदेशातील निव्वळ प्राप्तीपेक्षा पुष्कळदा सरस असतो, आणि तिथे उष्णता-प्रक्रियेची, तपासणीची किंवा माल नाकारला जाण्याची धास्ती नसते. घरचा बाजार एवढा मोठा आणि एवढा चोखंदळ असेल, तर बागायतदाराने निर्यातीसाठी वेगळी मशागत, वेगळी फवारणी आणि वेगळे पॅकिंग का करावे, या प्रश्नाला केवळ परकीय चलनाचे कारण पुरेसे उत्तर नाही. इक्वेडोर, कोस्टा रिका किंवा पेरू यांच्याजवळ असा घरचा बाजार नव्हता. त्यांनी पहिल्या झाडापासून परदेशी ग्राहकासाठी लागवड केली. तरीही घरच्या बाजारात हंगामात भाव कोसळतात तेव्हा निर्यातीचा दरवाजा उघडा असणे हेच शेतकऱ्याचे खरे संरक्षण ठरते, आणि म्हणून हा दरवाजा कोण, कसा आणि कोणत्या अटींवर उघडतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

पूर्वी तो दरवाजा मुख्यतः जकातीचा होता. त्याचा सर्वांत गाजलेला इतिहास केळीचाच आहे. १९९३ मध्ये युरोपीय समुदायाने केळीच्या आयातीची एकच सामायिक व्यवस्था लावली, तीत आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिक प्रदेशांतील आपल्या माजी वसाहतींना सवलतीचा कोटा दिला आणि लॅटिन अमेरिकेतील केळीवर बंधने घातली. कॅरिबियनमधील विंडवर्ड बेटांवरील लहान शेतकऱ्यांचे डोंगरउतारावरचे मळे मध्य अमेरिकेतील विस्तीर्ण सपाट मळ्यांशी किमतीत स्पर्धा करू शकत नव्हते, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने तो कोटा म्हणजे उपजीविका होती. लॅटिन अमेरिकी देश आणि त्यांच्या बाजूने अमेरिका जागतिक व्यापार संघटनेकडे गेले; १९९७ मध्ये निकाल युरोपच्या विरोधात लागला, १९९९ मध्ये अमेरिकेला युरोपीय मालावर वर्षाला १९ कोटी डॉलरहून अधिक रकमेची प्रतिशुल्के लावण्याची मुभा मिळाली, आणि दोन महासत्तांमधला हा वाद एकूण सुमारे दोन दशके चालला. २००६ मध्ये युरोपने कोट्याऐवजी टनामागे १७६ युरो असे सरळ शुल्क लावले, डिसेंबर २००९ च्या जिनिव्हा करारात ते टप्प्याटप्प्याने ११४ युरोपर्यंत उतरवण्याचे मान्य केले, आणि २०१२ मध्ये प्रकरण औपचारिकरीत्या मिटले. स्वतंत्र करार केलेल्या लॅटिन अमेरिकी देशांसाठी हे शुल्क पुढे ७५ युरोपर्यंत खाली आले. या लढाईत विंडवर्ड बेटांची केळी ब्रिटिश बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. कायद्याच्या भाषेत निकाल बरोबर होता; ज्यांनी तो वाद सुरूही केला नव्हता, त्यांनी त्याची किंमत मोजली.

जकाती उतरत गेल्या तसतसा दरवाजा दुसऱ्याच बिजागऱ्यांवर फिरू लागला. जागतिक व्यापार संघटनेबरोबरच १९९५ मध्ये अमलात आलेल्या स्वच्छता व वनस्पती-आरोग्य विषयक करारानुसार, जो सामान्यतः एसपीएस करार म्हणून ओळखला जातो, कोणत्याही देशाला आपल्या नागरिकांचे, प्राण्यांचे आणि पिकांचे आरोग्य जपण्यासाठी आयातीवर अटी घालता येतात, मात्र त्या अटींना शास्त्रीय आधार असला पाहिजे आणि त्या आडून व्यापार अडवला जाऊ नये. तत्त्व निर्दोष आहे. व्यवहारात शास्त्रीय पुरावा गोळा करण्याचा, प्रयोग करण्याचा आणि समोरच्या देशाच्या अधिकाऱ्यांना पटवण्याचा सगळा भार निर्यातदार देशावर येतो, आणि त्याला वर्षे नव्हे तर दशके लागतात. मेक्सिकोचा ॲव्होकॅडो बियांतील सोंडकिड्याच्या कारणावरून अमेरिकेने १९१४ मध्ये बंद केला. तो पुन्हा आत आला १९९७ मध्ये, तोही फक्त मिचोआकान राज्यातला, हिवाळ्यापुरता आणि ईशान्येकडील १९ राज्यांपुरता. आज अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या ॲव्होकॅडोचा सिंहाचा वाटा मेक्सिकोचा आहे. हॅलिस्को या दुसऱ्या मेक्सिकन राज्याला मात्र परवानगी मिळायला २०२२ उजाडले.

भारतीय आंब्याची वाट अशीच आहे. आंब्यातील मुख्य अडसर फळमाशीचा आणि कोयकिड्याचा. फळमाशी कच्च्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळ्या गरात वाढतात, आणि बाहेरून फळ बराच काळ निर्दोष दिसते. म्हणून केवळ डोळ्यांनी केलेली निवड परदेशी अधिकाऱ्याला पुरेशी वाटत नाही आणि तोडणीनंतर फळावर प्रक्रिया करणे भाग पडते. ही प्रक्रिया प्रत्येक बाजारासाठी वेगळी आहे. जपानने १९८६ मध्ये बंद केलेला भारतीय आंबा २००६ मध्ये पुन्हा स्वीकारला, तो बाष्प-उष्णता प्रक्रियेच्या अटीवर : फळ दमट गरम हवेत ठेवून गराचे तापमान ४७.५ अंशांपर्यंत चढवायचे आणि वीस मिनिटे तेथे राखायचे. युरोपसाठी सुमारे ४८ अंशांच्या पाण्यात तासभर बुडवण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिकेने २००७ मध्ये विकिरण प्रक्रिया मान्य केली. तीत गॅमा किरणांची किमान ४०० ग्रे इतकी मात्रा फळाला दिली जाते, ज्यामुळे कीड मरतेच असे नाही, पण तिची वाढ आणि प्रजनन थांबते. लासलगाव येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे मुळात कांद्याला मोड येऊ नयेत यासाठी उभारलेले केंद्र या कामी पुढे आले, आणि नंतर वाशीला राज्य कृषी पणन मंडळाची सुविधा उभी राहिली. त्याच वाटाघाटींच्या काळात भारताने हार्ले-डेव्हिडसनच्या जड मोटारसायकलींना आयातीची मुभा दिली, यावरून अशी परवानगी केवळ प्रयोगशाळेत ठरत नाही हेही दिसते.

या प्रक्रियांचा हापूसवर होणारा परिणाम बागायतदारांना चांगला ठाऊक आहे. हापूसमध्ये साका नावाचा दोष असतो, ज्यात गराचा काही भाग स्पंजासारखा, आंबूस आणि फिकट होतो आणि तो फळ कापेपर्यंत कळत नाही. उष्णतेची कोणतीही प्रक्रिया अशा नाजूक फळावर आणखी ताण आणते. केसर त्या मानाने सोशिक आहे. मेक्सिकोचा ‘टॉमी ॲटकिन्स’ हा चवीला हापूसच्या जवळपासही न येणारा, तंतुमय आंबा अमेरिकी बाजारात टिकून राहिला, कारण तो जाड सालीचा आहे, लालसर रंगाचा आहे आणि गरम पाणी, ट्रक व दुकानातली फळी हे सगळे विनातक्रार सोसतो. आंतरराष्ट्रीय बाजारात स्वाद ही शेवटची परीक्षा असते. तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच्या परीक्षांत हापूस अडतो. विकिरणाच्या वाटेवर कागदपत्रांची परीक्षाही आहे. २०२०च्या महामारीत अमेरिकी निरीक्षक भारतात येऊ न शकल्यामुळे दोन हंगाम अमेरिकेची निर्यात बंद राहिली, आणि मे २०२५ मध्ये विकिरणाच्या नोंदींत त्रुटी असल्याच्या कारणावरून सुमारे पंधरा खेपा अमेरिकी विमानतळांवर नाकारल्या गेल्या. परत आणण्याचा खर्च मालाच्या मोलाहून अधिक असल्याने तो आंबा तिथेच नष्ट करणे निर्यातदारांना भाग पडले.

कीड दिसते तरी. कीडनाशकाचा अवशेष दिसत नाही. प्रत्येक रसायनासाठी प्रत्येक पिकात किती अंश राहू शकतो, याची जी वरची सीमा ठरवली जाते, तिला कमाल अवशेष मर्यादा किंवा एमआरएल म्हणतात. युरोपीय संघात ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते, म्हणजे शंभर टन फळांत एक ग्रॅम. शेजारच्या शेतातून वाऱ्याने आलेला फवारा, धुतला न गेलेला पंप, आधीच्या पिकासाठी मातीत दिलेले औषध यांतूनही एवढा अंश येऊ शकतो. मर्यादा बदलतात हा दुसरा धोका : क्लोरपायरीफॉस हे भारतात सर्रास वापरले जाणारे कीटकनाशक युरोपने २०२० मध्ये याच ०.०१ च्या रेषेवर आणले.

२०१० च्या द्राक्ष हंगामाचा अनुभव या संदर्भात बारकाईने पाहण्याजोगा आहे. नाशिक, सांगली, सोलापूर या पट्ट्यात एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि पावसाळ्यानंतर फळछाटणी. खरड छाटणीनंतर फुटणाऱ्या काडीची वाढ आवरून तिच्यात फळधारक डोळे तयार व्हावेत म्हणून क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढनियंत्रक वापरण्याचा प्रघात होता. ते कीटकनाशक नव्हते, फळावर फवारले जात नव्हते, आणि निर्यातपूर्व तपासणीच्या भारतीय यादीत त्याचे नावच नव्हते. माल सर्व चाचण्या पार करून निघाला, आणि युरोपात पोहोचल्यावर तिथल्या प्रयोगशाळांना त्यात किलोमागे ०.०५ मिलिग्रॅमच्या मर्यादेहून अधिक अंश सापडला. कंटेनर बंदरात अडकले, भाव कोसळले, निर्यातदारांनी हात वर केले आणि अनेक बागायतदारांचे पैसे बुडाले. ज्या शेतकऱ्याने सांगितलेले सगळे नियम पाळले होते, त्याचा माल न सांगितलेल्या नियमावर नाकारला गेला, हा या प्रसंगातला सर्वांत जिव्हारी लागणारा भाग आहे. पण पुढे जे झाले त्याची दखलही तितकीच घेतली पाहिजे. यादी वाढवली गेली, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखालील अवशेष-नियंत्रण योजना कडक झाली, आणि अपेडा या केंद्रीय निर्यात विकास प्राधिकरणाची ‘ग्रेपनेट’ ही प्रत्येक बागेला नोंदणी क्रमांक देणारी आणि खोक्यापासून थेट बागेपर्यंत माग काढणारी व्यवस्था या व्यापाराचा कणा बनली. १९९१ मध्ये सहकारी संस्थांच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या ‘महाग्रेप्स’ने पूर्वशीतकरणाचा, म्हणजे तोडलेल्या मालातील शेताची उष्णता काही तासांत काढून टाकण्याचा, जो पाया घातला होता, त्यावर हे सगळे उभे राहिले. २०२३-२४ मध्ये भारतातून सुमारे ३ लाख ४४ हजार टन द्राक्षे, जवळपास ३,४६० कोटी रुपयांची, निर्यात झाली. आंब्याच्या दहापटीहून अधिक असलेल्या या आकड्याचे मोठे श्रेय त्या व्यवस्थेकडे जाते.

हा अनुभव एकट्या भारताचा नाही. केनियाच्या फरसबीत डायमेथोएट या कीटकनाशकाचे अंश सापडल्यावर २०१३ पासून युरोपने तिच्या दहा टक्के खेपा तपासायला घेतल्या आणि हजारो लहान शेतकरी निर्यातदारांच्या यादीतून गळाले, कारण प्रत्येकाच्या पाव एकराची वेगळी चाचणी करणे परवडत नव्हते. चीनने जानेवारी २०२५ पासून ड्युरियनच्या प्रत्येक खेपेबरोबर ऑरामाइन-ओ या पिवळ्या रंगद्रव्याची चाचणी मागायला सुरुवात केली, आणि थायलंड व व्हिएतनाम येथील निर्यात काही आठवडे खोळंबली. ड्युरियन हे काटेरी, उग्र वासाचे फळ एकट्या चीनने २०२३ मध्ये सुमारे १४ लाख टन, ६७० कोटी डॉलरच्या आसपास किमतीचे, आयात केले होते. एकाच ग्राहकावर उभा असलेला बाजार किती झपाट्याने वाढतो आणि किती सहज थांबतो, हे त्यातून दिसले.

उष्णकटिबंधीय भाज्यांचा प्रश्न या सगळ्याहून बिकट आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले गेले आहे. कारले, वांगी, भेंडी, पडवळ, दोडका, अळू, शेवगा, हिरवी मिरची, कढीपत्ता यांचा युरोपातील ग्राहक मुख्यत्वे दक्षिण आशियाई, आग्नेय आशियाई आणि आफ्रिकी वंशाचा आहे. ब्रिटनमधील साउथॉल, वेंबली किंवा लेस्टरच्या दुकानांत जाणारा हा माल मोठ्या सुपरमार्केटच्या शिस्तबद्ध साखळीतून नव्हे, तर घाऊक बाजारातल्या लहान आयातदारांमार्फत फिरतो. एका खेपेत दहा-पंधरा भाज्या, प्रत्येकीची थोडी खोकी, आणि ती अनेक शेतांतून, कित्येकदा सामान्य बाजार समितीतून उचललेली, अशी मालाची जुळवणी असते. मागणी खात्रीची असते, पण माग काढण्याची सोय नसते. कारल्यातला फुलकिडा, थ्रिप्स पाल्मी, अंडी भाजीच्या पेशींच्या आत घालतो, म्हणून धुण्याने किंवा पुसण्याने तो जात नाही. तो आवरायचा असेल तर शेतातच, लागवडीपासून.

त्याचा परिणाम १ मे २०१४ रोजी समोर आला. त्याआधीच्या वर्षी भारतातून आलेल्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्याचे कारण देऊन युरोपीय संघाने आंब्याबरोबर अळू, कारले, वांगी आणि पडवळ यांची आयात बंद केली. महाराष्ट्रात त्या वेळी चर्चा झाली ती हापूसची, वृत्तपत्रांत मथळे आले ते हापूसचे, आणि दिल्लीतून पाठपुरावा झाला तोही हापूसचा. पॅकहाउस सुधारली, गरम पाण्याची प्रक्रिया बसवली गेली आणि पुढचा हंगाम सुरू होण्याआधी, २०१५ च्या आरंभी, आंब्यावरची बंदी उठली. भाज्यांवरची बंदी त्यानंतरही राहिली. त्याच २०१४ मध्ये भेंडी आणि कढीपत्ता यांच्यासाठी कीडनाशक अवशेषांच्या प्रमाणपत्राची वेगळी अट लागू झाली. थायलंडने अशाच तक्रारींनंतर, बंदी येण्याची वाट न पाहता, २०११ च्या आरंभी तुळस, मिरची, वांगी, कारले इत्यादींची युरोपला होणारी निर्यात स्वतःहून थांबवली आणि निवडक नोंदणीकृत शेतांपुरती ती पुन्हा सुरू केली. घानाच्या मिरची, वांगी आणि वेलभाज्यांवर ऑक्टोबर २०१५ मध्ये बंदी आली आणि ती उठायला २०१७ चे वर्ष संपावे लागले. तीन देश, पण अडचण एकच : मिश्र खेपा, विखुरलेले शेतकरी आणि शेतापर्यंत न पोहोचणारी तपासणी. त्यात विमानांचा प्रश्न भर घालतो. हा माल बहुतांशी प्रवासी विमानांच्या पोटातून जातो, त्यामुळे मार्च २०२० मध्ये प्रवासी उड्डाणे थांबली तेव्हा भाज्यांची वाटच बंद झाली आणि उरलेल्या मालवाहू जागेचे दर आवाक्याबाहेर गेले.

व्यापाराचे भवितव्य ठरवणारा आणखी एक घटक म्हणजे वाण. १९९६ मध्ये डेल माँटे कंपनीने ‘एमडी-टू’ हा गोड, एकसारख्या आकाराचा आणि प्रवासाला टिकणारा अननस बाजारात आणला, आणि काही वर्षांत युरोपच्या बाजारात आयव्हरी कोस्टच्या जुन्या केयेन अननसाची जागा कोस्टा रिकाने घेतली. जागतिक निर्यातीत आज त्या एका देशाचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. द्राक्षांतही पेरू आणि दक्षिण आफ्रिका नव्या, स्वामित्वहक्क असलेल्या बिनबियांच्या वाणांकडे वळले असताना नाशिक बराच काळ थॉमसन सीडलेसवर राहिले. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी उत्पादक कंपनीने परवाना घेऊन ‘आरा’ मालिकेतील वाण आणले, ते याच दडपणाखाली. मात्र एकाच वाणावर विसंबण्याचा धोका केळीने दाखवून दिला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर विकला जाणारा ग्रो मिशेल हा वाण पनामा मर रोगाने व्यापारातून गेला, त्याची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली, आणि आता त्याच रोगाचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशवर आला आहे. तो २०१९ मध्ये कोलंबियात आणि २०२१ मध्ये पेरूत आढळला, बिहार आणि उत्तर प्रदेशातही त्याच्या नोंदी आहेत. जळगाव आणि सोलापूर जिल्ह्यांतील निर्यातक्षम केळी ग्रँड नैन या कॅव्हेंडिश वाणाचीच आहे, म्हणून रोपांच्या आणि मातीच्या वाहतुकीवरचे निर्बंध हा तिथल्या शेतकऱ्यासाठी कोणत्याही व्यापार करारापेक्षा अधिक निकडीचा विषय आहे.

एवढे सगळे पार करून माल पोहोचला, तरी भाव कोण ठरवतो हा प्रश्न उरतो. ताज्या फळांच्या निर्यातीत विक्रीच्या मुख्यतः दोन पद्धती आहेत. ठरलेल्या किमतीच्या सौद्यात जोखीम वाटली जाते. कन्साइनमेंट पद्धतीत मात्र निर्यातदार माल आयातदाराकडे सोपवतो, तो मिळेल त्या भावाने विकतो, भाडे, जकात, गोदाम, पुनर्वर्गवारी आणि आपले कमिशन वजा करतो आणि उरलेली रक्कम कित्येक आठवड्यांनी पाठवतो; काही वेळा ती शून्याच्या खालीही जाते. ही तूट साखळीच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे बागायतदाराला, ‘माल खराब निघाला’ या एका वाक्यात कळते, आणि हजारो किलोमीटर दूर उघडलेले खोके त्याला पाहता येत नाही. युरोपीय संघाने २०१९ मध्ये अनुचित व्यापार प्रथांविरुद्ध केलेल्या निर्देशात नाशवंत मालाचे पैसे तीस दिवसांत देणे बंधनकारक केले, ऐनवेळी मागणी रद्द करण्यावर बंदी घातली आणि युरोपबाहेरील पुरवठादारांनाही त्याचे संरक्षण दिले. महाराष्ट्रातील निर्यातदार आणि शेतकरी कंपन्यांनी या तरतुदीचा आधार आजवर घेतला आहे त्याहून अधिक घ्यायला हवा.

अलीकडच्या वर्षांत बाजाराला बसलेले धक्के बाहेरून आलेले होते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली, आणि न्हावा शेवाहून रॉटरडॅमला जाणाऱ्या द्राक्षांच्या प्रवासात सुमारे दोन आठवड्यांची भर पडली. द्राक्षाच्या देठाचा हिरवेपणा टिकण्याच्या दृष्टीने हा काळ फार मोठा आहे. नागपुरी संत्र्याला तर शेजाऱ्याच्या जकातीनेच गाठले : बांगलादेशाने आयात शुल्क २०१९ मधील किलोमागे सुमारे २० रुपयांवरून २०२३ पर्यंत ८८ रुपयांच्या आसपास नेले आणि विदर्भातील संत्रा उत्पादकांचा सर्वांत मोठा परदेशी बाजार आक्रसला. जकातीचे युग संपले असे म्हणणे म्हणूनच अर्धवट खरे आहे. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याची केळी जेव्हा इराण आणि आखाती देशांकडे निघाली, तेव्हा युरोपच्या कडक निकषांबाहेरचा, समुद्राने जवळचा आणि भारतीय मालाला सरावलेला बाजार सापडला, ही जमेची बाजू आहे. पण तोही प्रदेश अस्थिर आहे.

या साऱ्या आढाव्यातून द्राक्ष आणि कारले ही दोन टोके समोर राहतात. दोन्ही महाराष्ट्रात पिकतात, दोन्हींना परदेशात खात्रीची मागणी आहे, दोन्हींवर निकषांचा आघात झाला. द्राक्षाला सहकारी संस्था, संशोधन केंद्र, प्रयोगशाळा आणि बागेच्या नोंदणीचा आधार मिळाला, कारण द्राक्ष बागायतदार संघटित होता आणि त्याचे पीक मोलाचे होते. भाजीचा शेतकरी अर्ध्या एकराचा, तीन महिन्यांच्या पिकाचा, आणि म्हणून कोणाच्याच यादीत नसलेला राहिला. भाज्यांसाठी नोंदणीकृत शेते आणि मान्यताप्राप्त पॅकहाउस यांची तरतूद २०१४ नंतर कागदावर आली आहे. त्या तरतुदीला तालुका पातळीवरची परवडणारी अवशेष-चाचणी, फळमाशी आणि फुलकिड्यांचे गावसमूहाने एकत्र केलेले नियंत्रण, आणि एका खेपेत एकाच गटाचा माल जाईल अशी खरेदीची शिस्त यांची जोड राज्य कृषी पणन मंडळाने आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी द्यावी. द्राक्षासाठी जो खर्च सार्वजनिक पैशातून झाला, त्याचा काही अंश कारल्या-भेंडीच्या वाट्याला आला, तरी अर्ध्या एकराच्या शेतकऱ्याला या बाजारात उभे राहता येईल.